वेळ लावून होणारी संगणकावरील लेखनपरीक्षा : शाळाप्रवेशासाठी मुलांची तयारी कशी करून घ्यावी?

अक्षरवाट (धागालेखिका)

शाळाप्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या लेखनपरीक्षा आता एकामागून एक संगणकावर जात आहेत. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात निवडक सरकारी माध्यमिक शाळांच्या प्रवेशासाठी होणारी परीक्षा २०२५ साली प्रथमच संगणकावर घेण्यात आली. तिच्यातील लेखनाच्या भागाला ३० मिनिटे असतात, आणि वाचन, गणिती तर्क व विचारकौशल्ये या भागांना जेवढे महत्त्व आहे तेवढेच लेखनालाही दिलेले आहे. अमेरिकेतील खासगी शाळांसाठी असलेल्या आयएसईई परीक्षेतील निबंधालाही ३० मिनिटेच मिळतात. तिथे निबंधाला गुण नसतात, परंतु मुलाने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा शाळांकडे जातो आणि प्रवेश देणारी मंडळी तो वाचतात. नियम निराळे असले तरी मुलासमोरचे काम सगळीकडे सारखेच असते : आधी न पाहिलेला विषय, रिकामी चौकट आणि मोजकी मिनिटे.

या वयाच्या मुलांना मी लेखन शिकवते, आणि पालकांचे प्रश्न ऐकताना एक गोष्ट वारंवार जाणवते. तयारी म्हणजे रोज एक विषय द्यायचा, घड्याळ लावायचे आणि अर्ध्या तासाने तपासायला बसायचे, असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. या पद्धतीने मुलाची सवय पक्की होते हे खरे, पण जी सवय आधीपासून आहे तीच पक्की होते. जो मुलगा विचार न करता पहिल्या वाक्याला हात घालतो, तो तीस निबंधांनंतर आणखी सफाईने विचार न करता लिहू लागतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की तयारीत घड्याळ सर्वांत शेवटी यावे. त्याआधी टंकन, आराखडा, वाक्यरचना आणि फेरवाचन ही कामे सुटी करून शिकवावीत, आणि ती अंगवळणी पडल्यावरच एकत्र जोडावीत.

यामागचे कारण लेखनाच्या स्वरूपातच आहे. लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या अभ्यासकांनी १९८१ साली लेखनप्रक्रियेची जी मांडणी केली, तिच्यात योजना आखणे, विचार शब्दांत उतरवणे आणि लिहिलेले पुन्हा तपासणे या तीन क्रिया एकापाठोपाठ एक होत नसून लिहिणारा त्यांच्यात सतत ये-जा करत असतो, असे दाखवले आहे. मोठ्या माणसाला ही ये-जा जाणवतही नाही. मुलाच्या बाबतीत मात्र त्यात अक्षरजुळणी आणि कळा शोधणे यांची भर पडते, आणि एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टींना मर्यादा असल्यामुळे सर्वांत आधी बळी जातो तो विचारांचा.

ज्यांची मुले अशा परीक्षेला बसणार आहेत किंवा बसून गेली आहेत, त्यांनी आपले अनुभव आणि शंका इथे जरूर मांडाव्यात.

पानोपानी

धागा अगदी वेळेवर काढलात. माझी मुलगी वहीत सुंदर लिहिते. तिची वाक्ये लांब असतात, वर्णन नेमके असते आणि गोष्टीला शेवटही असतो. तीच मुलगी संगणकासमोर बसली की मजकूर निम्म्यावर येतो आणि वाक्ये तुटक होतात. ती टॅबलेट लहानपणापासून वापरते, त्यामुळे टंकनाची अडचण येईल असे आम्हाला वाटले नव्हते. तिला टंकनाचा वेगळा सराव द्यावा का, आणि द्यावा तर किती वेगाची अपेक्षा ठेवावी?

अक्षरवाट

पानोपानी, तुम्ही वर्णन केलेले चित्र फार मुलांमध्ये दिसते, आणि त्याचे कारण तुमच्याच प्रतिसादात आहे. टॅबलेटच्या काचेवर मुले एका-दोन बोटांनी लिहितात, नजर कायम कळांवर असते आणि अर्धा शब्द लिहिताच पुढचा शब्द यंत्र सुचवते. परीक्षेच्या संगणकाला खरा कीबोर्ड असतो, आणि शब्द सुचवणे किंवा शुद्धलेखन आपोआप दुरुस्त करणे या सोयी बहुधा बंद ठेवलेल्या असतात. त्यामुळे टॅबलेटवरचा सराव इथे फारसा उपयोगी पडत नाही.

टंकनाचा सराव वेगळा द्यावा, आणि तो लवकर सुरू करावा. कीबोर्डवरील एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात. दोन्ही तर्जन्या न बघता तिथे ठेवता येणे ही पहिली पायरी. तिथून प्रत्येक बोटाच्या वाट्याला कोणत्या कळा येतात हे मुलांना थोड्या दिवसांत कळते, परंतु ते बोटांत मुरायला काही महिने जातात. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरतात. आठवड्यातून एकदा तासभर बसवण्याने तेवढे साधत नाही. या काळात मुलाचा वेग आधीपेक्षा कमी होतो आणि ते दोन बोटांकडे परत जाऊ पाहते. तेव्हा पालकांनी धीर धरायला हवा.

वेगाबद्दल सांगायचे तर समोरचा मजकूर पाहून टंकणे आणि स्वतःचे वाक्य रचत टंकणे यांत मोठा फरक असतो. संकेतस्थळावरच्या चाचणीत मिनिटाला तीस शब्द दिसले म्हणून निबंधही त्या वेगाने होईल असे नाही. हिशेब करून पाहा. ३० मिनिटांतली ५ आराखड्याला आणि ५ फेरवाचनाला ठेवली, तर लिहायला २० उरतात. विचार करत, थांबत, मिनिटाला सरासरी १५ शब्द झाले तरी ३०० शब्दांचा मजकूर तयार होतो, आणि नीट बांधलेल्या लेखनाला तेवढी जागा पुरते. त्यापुढे वेग वाढवण्यापेक्षा मुलाची नजर कळांवरून पडद्यावर आली का, हे पाहणे जास्त मोलाचे आहे. नजर पडद्यावर असली की गळलेला शब्द तेव्हाच दिसतो, आणि वाक्य कुठे चालले आहे याचेही भान राहते.

आणखी एक छोटी गोष्ट. सराव साध्या नोटपॅडसारख्या ठिकाणी करावा, जिथे चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ येत नाही. ज्या मुलांना त्या रेघेची सवय असते, त्यांना ती नसली की आपले सगळे बरोबरच आहे असे वाटते.

समास

टंकनाचे पटले. माझी शंका आराखड्याबद्दल आहे. आमच्या मुलाला "आधी आराखडा कर" असे सांगितले की तो कागदावर सुरुवात, मध्य, शेवट असे तीन शब्द लिहितो आणि थेट लिहायला लागतो. निबंध तिसऱ्या परिच्छेदात भरकटतो. आराखडा म्हणजे नेमके काय लिहून घ्यावे?

अक्षरवाट

समास, या प्रश्नावर मी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते परीक्षेचा निकाल बव्हंशी पहिल्या पाच मिनिटांत ठरतो.

आराखड्याच्या आधी विषयाचे वाचन येते. विषयात चार गोष्टी दडलेल्या असतात : काय लिहायचे (गोष्ट, पत्र, रोजनिशीचे पान, भाषण, सूचनापत्रक), कोणासाठी लिहायचे, कोणत्या हेतूने लिहायचे आणि कोणती अट पाळायची. अट बहुधा एखाद्या निरुपद्रवी वाटणाऱ्या अर्ध्या वाक्यात असते आणि घाईत तीच निसटते.

एक विषय घेऊ. "तुमच्या शाळेचे वाचनालय बंद करून तिथे संगणककक्ष करायचे ठरत आहे. मुख्याध्यापकांना पत्र लिहून तुमचे मत मांडा, आणि दोन्ही बाजूंना मान्य होईल असा एक मार्ग सुचवा." बहुतेक मुले वाचनालय किती चांगले आहे यावर पानभर लिहितात, आणि मार्ग शेवटच्या ओळीत उरकतात किंवा विसरूनच जातात. खरे पाहता या विषयाचे सत्त्व त्या मार्गातच आहे. परीक्षकाला मुलाचे स्वतंत्र विचार तिथेच दिसणार आहेत.

या विषयावर एका विद्यार्थिनीने केलेला आराखडा मला फार आवडला होता. तो साधारण असा होता :

"मु. अ. ना — नम्र, पण ठाम. संगणक हवेत हे मान्य. वाचनालय दुपारच्या सुट्टीत भरलेले असते — जे मैदानावर एकटे पडतात ते तिथे येतात. भिंतीलगतची उंच कपाटे रिकामीच — तिथे सहा संगणक. शेवट : एक सत्र करून पाहा."

एवढ्या पाच तुकड्यांत पत्राचा सूर आहे, विरुद्ध बाजूला दिलेला मान आहे, कोणालाही सुचेल त्यापेक्षा वेगळे एक निरीक्षण आहे, ठोस उपाय आहे आणि शेवटही आहे. मैदानावर एकटी पडणारी मुले वाचनालयात येतात, हे वाक्य शंभर पत्रांत एखाद्याच पत्रात येईल. सुरुवात, मध्य, शेवट ही नुसती खोकी आहेत. त्यांत काय भरायचे हे ठरवणे म्हणजे आराखडा.

याचा सराव संपूर्ण निबंध न लिहिता करता येतो, आणि तसाच करावा. एका बैठकीत चार वेगवेगळे विषय द्यावेत, प्रत्येकाचा फक्त आराखडा करायला सांगावा आणि त्यावर गप्पा माराव्यात. "पहिली सुचलेली कल्पना बाजूला ठेव, दुसरी सांग," एवढे म्हटले तरी मुले कमालीची वेगळी उत्तरे देतात. चार निबंध लिहून मूल दमून जाते, चार आराखड्यांनी त्याला हुरूप येतो.

आराखडा कागदावर करायचा की पडद्यावर, हे परीक्षेच्या नियमांवर अवलंबून आहे. कच्चा कागद मिळणार असेल तर कागदच बरा. तो मिळणार नसेल तर उत्तराच्या चौकटीतच वर चार ओळी लिहाव्यात आणि शेवटी त्या पुसायला विसरू नये. हे पुसण्याचे कामही सरावात आले पाहिजे, नाहीतर ऐन वेळी ते तुकडे उत्तरातच राहून जातात.

दीपमाळ

आम्ही मुलाला एका शिकवणीत घातले होते. तिथे तीन-चार तयार गोष्टी पाठ करून घेतल्या आणि विषय कोणताही आला तरी त्यांतली एक कशी बसवायची ते शिकवले. जोडीला भारदस्त शब्दांची यादी दिली. सराव चाचण्यांत गुण चांगले यायचे. आता मनात शंका आहे की हे पुढे उपयोगी पडेल का.

अक्षरवाट

दीपमाळ, तुमची शंका रास्त आहे. सराव चाचणीचे विषय शिकवणीनेच काढलेले असतील तर तयार गोष्ट त्यांत चपखल बसणारच. परीक्षा घेणाऱ्या संस्थांना ही युक्ती ठाऊक असते, आणि म्हणूनच विषयांत चित्र, विशिष्ट वाचक किंवा वर सांगितली तशी अट घातलेली असते. पाठ केलेली गोष्ट तिथे ओढूनताणून आणली की सांधा उघडा पडतो : पहिला परिच्छेद विषयावर असतो, आणि दुसऱ्यापासून भाषेचा पोत अचानक बदलतो. वाचणाऱ्याला ते लगेच कळते. विषयाशी न जुळणारे लेखन कितीही सफाईदार असले तरी आशयाचे गुण त्याला मिळत नाहीत.

शब्दांच्या यादीबद्दल माझे मत अधिक कडक आहे. एका मुलाने आपल्या गोष्टीत "तो दरवाजाकडे गेला" असे लिहिले होते. यादीच्या प्रभावाखाली त्याने ते बदलून "तो भव्य, गूढ, प्राचीन दरवाजाकडे संथ गंभीर पावलांनी मार्गस्थ झाला" असे केले. मी त्याला विचारले, की गोष्टीतल्या मुलाला आत जायची भीती वाटत होती ना, मग ती कशी दिसली असती? थोडा वेळ विचार करून त्याने लिहिले : "त्याने कडीला हात लावला आणि पुन्हा खिशात घातला." या वाक्यातला एकही शब्द कुठल्या यादीत सापडणार नाही, आणि तरीही भीती पूर्ण दिसते. मुलांना शब्द वाचनातून मिळू द्यावेत. ज्या शब्दाचा वास आणि वजन माहीत आहे, तोच लिहिताना वापरायला सांगावा.

पाठ केलेल्या गोष्टी टाकून देण्याची मात्र गरज नाही. त्यांतल्या एखाद्या गोष्टीची सुरुवात का पकड घेते, संवाद कुठे आला आहे, शेवट कसा साधला आहे, हे मुलाबरोबर उलगडून पाहिलेत तर तेच साहित्य उपयोगी पडेल.

उंबरठा

मला धागालेखिकेच्या मुख्य मुद्द्याबद्दल थोडे वेगळे म्हणायचे आहे. घड्याळ शेवटी आणावे हे तत्त्व म्हणून चांगले आहे, पण काही मुले घड्याळ पाहूनच गांगरतात. माझ्या भाच्याचे तसेच झाले. घरी निवांतपणे उत्तम लिहिणारा हा मुलगा पहिल्या सराव परीक्षेत उलटे पळणारे आकडे पाहून दहा मिनिटे नुसता बसून राहिला. अशा मुलांना वेळेची ओळख आधीच करून द्यायला नको का?

अक्षरवाट

उंबरठा, तुमचा मुद्दा मोलाचा आहे आणि तो मी माझ्या म्हणण्यात सामावून घेते. संपूर्ण निबंधावर लावलेले घड्याळ शेवटी यावे, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल. छोट्या कामांना छोटी वेळ आधीपासून लावता येते : पाच मिनिटांत आराखडा, सात मिनिटांत फक्त पहिला परिच्छेद, चार मिनिटांत दुसऱ्या कोणाच्या तरी मजकुरातल्या चुका शोधणे. यात वेळ संपली तरी मुलाचे काही बिघडत नाही, आणि पाच मिनिटे म्हणजे प्रत्यक्षात किती हे त्याच्या अंगात भिनते. पाच मिनिटे बरीच मोठी असतात, हे गांगरणाऱ्या मुलांना कळणे फार आवश्यक आहे.

तुमच्या भाच्यासारख्या मुलांसाठी आणखी एक उपाय मी करते. घड्याळाकडे केव्हा पाहायचे हे आधीच ठरवून ठेवायचे : आराखडा झाल्यावर एकदा, मधला भाग संपल्यावर एकदा आणि त्यानंतर शेवटाकडे वळताना. पडद्यावरचे घड्याळ झाकण्याची सोय असेल तर ती वापरावी. पहिले वाक्य सुचत नसेल तर दुसऱ्या परिच्छेदापासून सुरुवात करावी आणि वरची जागा मोकळी ठेवावी. कागदावर हे जमत नाही, संगणकावर सहज जमते. मधे वाक्य घालणे, परिच्छेद वरखाली करणे, चुकून पुसलेले परत आणणे या सोयींचा उपयोग मुलांना शिकवला जात नाही, याचे मला वाईट वाटते. कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबून पुसलेला मजकूर परत आणता येतो, एवढे माहीत नसल्यामुळे मुले रडकुंडीला येतात. परीक्षेच्या प्रणालीत यांतले काय चालते हे परीक्षा घेणाऱ्या मंडळाने ठेवलेल्या नमुना चाचणीत करून पाहावे. ती चाचणी प्रत्येकाने निदान एकदा खऱ्या कीबोर्डवर, पूर्ण वेळ लावून सोडवलीच पाहिजे.

शेवटाविषयी एक नियम मात्र मी सर्व मुलांना लावते. सात-आठ मिनिटे उरली की गोष्ट कुठेही असो, शेवटाकडे वळायचे. एखादा प्रसंग गाळावा लागला तर गाळावा. अर्धवट तुटलेले उत्तर रचनेच्या गुणांत मार खाते, आणि गाळलेला प्रसंग परीक्षकाला कधी कळतही नाही.

पानोपानी

तपासण्याबद्दलही लिहावे. मी लेकीचा निबंध तपासला की लाल शाईने पान भरते आणि तिचा चेहरा उतरतो. न सांगावे तर चुका तशाच राहतात.

अक्षरवाट

एका निबंधात एकच गोष्ट सुधारायला घ्यावी, फार तर दोन. या आठवड्यात काळ सांभाळायचा असे ठरले, तर गोष्ट भूतकाळात सुरू होऊन वर्तमानकाळात कुठे घसरली तेवढेच शोधायचे, आणि ते तिनेच शोधायचे. बाकीच्या चुका दिसल्या तरी त्या आठवड्यापुरत्या सोडून द्याव्यात. पूर्ण निबंध पुन्हा लिहायला सांगू नये. सर्वांत कच्चा परिच्छेद निवडून तेवढाच पुन्हा लिहावा, आणि आधीचा व नंतरचा शेजारी ठेवून वाचावा. तुम्ही वाचक म्हणून काय वाटले तेही सांगावे. "इथे मला वाटले की ती परत जाणार," किंवा "हा माणूस कोण ते मला कळले नाही," अशा वाक्यांनी मुलांना जेवढे समजते तेवढे तांबड्या खुणांनी समजत नाही.

परीक्षेतले फेरवाचन मात्र ती एकटीच करणार आहे, म्हणून त्याचा क्रम ठरवून द्यावा. आधी विषय पुन्हा वाचायचा आणि अट पाळली आहे का ते पाहायचे. मग मजकूर अगदी वरपर्यंत सरकवून, ओठ हलवत, शब्द न शब्द वाचायचा. टंकलेल्या मजकुरात गळलेले शब्द आणि दोनदा पडलेले शब्द या सर्वांत जास्त आढळणाऱ्या चुका असतात, आणि मनातल्या मनात वाचताना त्या दिसत नाहीत, कारण मन त्या आपोआप भरून काढते. विरामचिन्हे शेवटी. पडद्यावर आधीचा मजकूर वर सरकून दिसेनासा होत असल्याने पहिल्या परिच्छेदात ठेवलेले नाव शेवटच्या परिच्छेदात बदलण्याचे प्रकारही होतात, तेही तेव्हाच सापडते.

समास

घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीतल्या लेखनपरीक्षेसाठी घरातही इंग्रजीच बोलावे, असा सल्ला आम्हाला मिळाला आहे. आपले काय मत आहे?

अक्षरवाट

मी हा सल्ला देणार नाही. प्रसंग क्रमाने सांगणे, कारण देणे, समोरच्याचा आक्षेप ओळखून त्याला उत्तर देणे या गोष्टी मूल ज्या भाषेत मोकळेपणाने बोलते त्या भाषेत आधी पक्क्या होतात, आणि तिथून दुसऱ्या भाषेत जातात. आराखड्यावरच्या गप्पा मराठीत खुशाल माराव्यात. वाक्यरचना आणि शब्दांची जोड मात्र परीक्षेच्या भाषेतल्या भरपूर वाचनातूनच येते. त्याला पर्याय नाही. आवडीचे पुस्तक, वृत्तपत्रातले लहान लेख, वाचकांची पत्रे हे सगळे वाचनात असावे, कारण परीक्षेत नुसती गोष्टच येईल असे नाही.

दीपमाळ

एक शेवटचा प्रश्न. आमच्या धाकट्याला डिस्लेक्सिया आहे. त्यालाही पुढे हीच परीक्षा द्यायची आहे.

अक्षरवाट

दीपमाळ, त्याच्यासाठी सवलतींची चौकशी आतापासून करावी. जादा वेळ, विश्रांतीची मिनिटे, मोठी अक्षरे किंवा वेगळी खोली अशा सोयी अनेक परीक्षांत असतात, परंतु त्यासाठी तज्ज्ञांचा अहवाल आणि वेळेत केलेला अर्ज लागतो, आणि अर्जाची मुदत अनेकदा परीक्षेच्या खूप आधी संपते. अहवाल मिळवण्यातच काही आठवडे जाऊ शकतात. मंजूर झालेली सोय वापरून घरी सरावही करावा. जादा वेळ मिळणार असेल तर ती कोणत्या कामाला द्यायची हे त्याच्याबरोबर बसून ठरवावे. अशा मुलांना टंकन लवकर शिकवल्याचा विशेष फायदा होतो, कारण अक्षर वळणदार काढण्याची धडपड संपते आणि ती शक्ती मजकुराकडे वळते. परीक्षेच्या प्रणालीत शुद्धलेखन दाखवणारी सोय त्याला मिळू शकते का, हेही मंडळाला लेखी विचारून घ्यावे, आणि आलेले उत्तर जपून ठेवावे.